ओळ एकेचाळीस

माझं काम दिव्यांचं.
हिरवा, पिवळा, तांबडा.
मिशिगनमधल्या सॅगिनॉ काउंटीचं सभागृह, टेबलाचं टोक,
बोलणाऱ्याला दोन मिनिटं
आणि बटणावर माझं बोट.
बावीस वर्षांत भल्याभल्यांना
मी वाक्याच्या मध्यात तोडलंय.
त्याचाच पगार मिळतो.

त्या संध्याकाळी बाहेर बर्फ,
आत ओळ चाळीस : रस्त्यांवर टाकायचं मीठ.
नऊ लाख डॉलर. हात वर. मंजूर.
कुणी खोकलंसुद्धा नाही.
मग ओळ एकेचाळीस :
गुन्ह्यातून वाचलेल्यांसाठी आघात-उपचार केंद्र.
मिठाला लागून जखम.
हा क्रम कुणी लावला, ठाऊक नाही.
बहुधा मीच टाइप केला असेल.

खजिनदार म्हणाले, हा पैसा दंडातून यायचा.
ज्यांनी लुबाडलं, फसवलं, त्यांच्याकडून वसूल होऊन
झिरपत झिरपत आपल्यापर्यंत.
यंदा दंडच कमी जमला.
म्हणजे लुबाडणाऱ्यांनी हात आखडता घेतला
की लुबाडलेल्यांचं मलमही बंद,
असं मी मनात म्हटलं.
मनात म्हटलेलं इतिवृत्तात येत नाही.

हिरवा.
अर्नेस्टीन पेटवे, वय एकसष्ट, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला.
अंगात जाड निळा कोट. हातात कागद नाही.
म्हणाली, तेव्हा मी लाँड्रीत रात्रपाळीला होते.
पिस्तूल कानामागे होतं
आणि सहा नंबरचा ड्रायर फिरत होता,
आत कुणाच्यातरी पट्ट्याचं बक्कल,
टक्. टक्. टक्.
गल्ल्यात चौऱ्याऐंशी डॉलर.
पोलिसांनी लिहिलं : इजा नाही.

त्यानंतर दोन वर्षं ती कपडे बाथटबमध्ये धूत होती.
चादरी, पडदे, नातवाचे फुटबॉलचे मोजे,
सगळं गुडघ्यांवर बसून.
केंद्रात गेली, तर पहिल्या चार भेटी
बोलली फक्त साबणाबद्दल.
कुठल्या साबणानं हात फाटतात, कुठल्यानं नाही.
समोरची मारिसेला ऐकत राहिली,
जगात साबणापलीकडे काही नसल्यासारखी.
पाचव्या भेटीत अर्नेस्टीननं कोट काढला.

"तिला फॉर्म भरावा लागतो," ती म्हणाली,
"मोजता येईल अशी प्रगती, असा रकाना आहे त्यात.
काय लिहू, तिनं विचारलं.
मी म्हटलं, लिही ना, कोट काढला.
ती म्हणाली, इथे आकडाच लागतो.
मग आम्ही लिहिलं : एक."

पिवळा.
खजिनदारांनी चष्मा पुसत मधेच विचारलं,
एका माणसाला साधारण किती भेटी लागतात?
"मला सोळा लागल्या," ती म्हणाली.
"तुम्हाला मिठाचे किती ट्रक लागतात
हे बर्फ ठरवतो ना, साहेब?"

आता तांबडा हवा होता.
बोट बटणावरच होतं.
ती सोळाव्या भेटीचं सांगत होती :
दोघी त्याच लाँड्रीत गेल्या, भर दुपारी.
एक टॉवेल. खिशातली मोजकी नाणी.
मारिसेलानं स्वतःच्या कमरेचा पट्टा सोडला,
तोही आत टाकला,
आणि दार लावायला हिला सांगितलं.
टक्.
"मी उभी राहिले," अर्नेस्टीन म्हणाली,
"टॉवेल वाळेपर्यंत."

घड्याळात दोन मिनिटं एकावन्न सेकंद झाली होती.
तेव्हा दिवा लावला.

निर्णय पुढच्या बैठकीवर. नऊ मार्च.
तोवर मारिसेलाचा पगार कुठून द्यायचा
हे कुणी विचारलं नाही, मीही नाही.
इतिवृत्तात मी लिहिलं :
एका नागरिकाने मत मांडले. वेळ, दोन मिनिटे.
एवढीच काय ती लबाडी, माझ्या पदरची.

कोटाबद्दल काही लिहिलं नाही.
गरम होतं सभागृहात, सगळ्यांनी बाह्या सरसावल्या होत्या.
तिचा कोट मात्र अंगातच होता,
गळ्यापर्यंत बटणं लावलेला,
शेवटपर्यंत.